सवारी

शारजाच्या विमानतळाबाहेर आम्ही तिघं उभे होतो. अब्बा, अम्मी आणि मी. चार बॅगा, आंब्याची एक पेटी आणि अम्मीच्या हातात सांदणांचा डबा. २०२४ च्या मे महिन्याची सुरुवात होती. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तरी हवा अशी लागत होती की जणू कुणी भट्टीचं दार उघडं टाकलं आहे. भाई समोरून धावत आला. अब्बांना सलाम केला, अम्मीच्या गळ्यात पडला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या मागे त्याच्या मित्राची मोठी व्हॅन उभी होती आणि व्हॅनच्या पुढे ती गाडी. गडद लाल रंगाची, बुटकी, दोनच दारांची.

"अब्बा, तुम्ही माझ्याबरोबर चला," भाई म्हणाला.

अब्बांनी गाडीकडे एकदा पाहिलं. "मी सामानाबरोबर येतो," म्हणाले आणि व्हॅनमध्ये चढून बसले. अम्मीचे गुडघे दुखत होते, तिला इतकं खाली बसणं शक्य नव्हतं. मी अम्मीबरोबर गेले. शेवटी भाईच्या शेजारच्या सीटवर आंब्याची पेटी ठेवली गेली आणि तिला त्याने पट्टा बांधला. घरी पोहोचेपर्यंत आमची व्हॅन त्या लाल गाडीच्या मागे चालली होती. अब्बा काचेतून बाहेर बघत होते, पण समोर मात्र बघत नव्हते.

या गाडीवरून आमच्या घरात तीन वर्षं अबोला होता. अबोला म्हणजे भांडण नव्हे. भाईचा फोन आला की अब्बा सलाम घ्यायचे, तब्येत विचारायचे आणि फोन अम्मीच्या हातात द्यायचे. एवढंच. पण ज्या घरातला मुलगा परदेशात आहे, त्या घराला हे 'एवढंच' किती मोठं असतं ते कळतं.

भाई २००१ साली शारजाला गेला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आमच्या मोहल्ल्यातली निम्मी पोरं त्या वयात आखातात होती. कुणी कुवेतला, कुणी दोहाला, कुणी जहाजावर. भाईला गाड्यांचं वेड. त्याला मोटारींच्या दुरुस्तीचा डिप्लोमा करायचा होता. पण घरात आपा लग्नाची होती, मी शाळेत होते आणि अब्बांच्या एसटीच्या पगारात सगळं बसत नव्हतं. भाई ड्रायव्हर म्हणून गेला. आधी एका दुकानाची डिलिव्हरी व्हॅन, मग मजुरांना साइटवर नेणारी बस, मग अकरा वर्षं शाळेची बस. पुढे तो दुबईतल्या एका कंपनीत वाहतूक विभागाचा सुपरवायझर झाला. आपाचं लग्न त्याच्या पैशावर झालं. माझं बी.एड. त्याच्या पैशावर झालं. गावातल्या कौलारू घराच्या जागी २०१२ साली स्लॅबचं घर उभं राहिलं, तेही त्याच्याच पैशावर.

आणि मग २०२१ साली, बेचाळिसाव्या वर्षी, बायको आणि दोन मुलं असताना, त्याने सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीटची!

मोबाइलवर फोटो आला तेव्हा अब्बांनी चष्मा लावून तो पाहिला. "मागची सीट कुठंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "नाही म्हणजे?" नाही म्हणजे नाहीच. अब्बांनी मोबाइल परत दिला. "दोन माणसांची गाडी माणसाची नसते," ते म्हणाले. "ती हौसेची असते."

आमच्या लोकांत गाडी घ्यायची म्हणजे आधी माणसं मोजायची. किती जण मावतील? अम्मी-अब्बा, बायको, पोरं, अडल्यानडल्याला एखादा शेजारी, लग्नाला जाताना दोन खाला. सात सीटची गाडी असेल तर त्यात अकरा माणसं बसणार, हे गृहीत असतं. गाडीत जागा रिकामी ठेवून जाणं म्हणजे बेमुरव्वतपणा. आणि मुळातच जागा नसलेली गाडी घेणं? इस्राफ हा शब्द अब्बांनी उच्चारला नाही, पण तो घरात फिरत होता. उधळपट्टीला आपल्याकडे नुसती वाईट सवय म्हणत नाहीत, तिचा हिशेब द्यावा लागतो असं लहानपणापासून शिकवतात.

मीही रागावले होते. खोटं कशाला बोलू? मी भाईला लिहिलं, "दोन सीटच्या गाडीत आम्ही कुठे बसायचं?" दोन दिवस उत्तर आलं नाही. मग दोनच शब्द आले. "एकेक करून."

मला ती चेष्टा वाटली. त्या महिनाभराच्या मुक्कामात ती चेष्टा नव्हती हे कळलं.

गाडी जपानी होती, माझदा एमएक्स-५. भाईने मला तिच्याबद्दल जे सांगितलं ते असं. या जातीची पहिली गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांनी पाहिली. तोवर अशा लहान उघड्या गाड्या म्हणजे इंग्रजांची मक्तेदारी. दिसायला सुंदर, पण त्या रोज वापरायच्या नसतात असाच लोकांचा समज. जपान्यांनी ठरवलं की गाडी हलकी, साधी आणि रोज सकाळी किल्ली फिरवली की चालू होणारी करायची. २००० साली गिनीज बुकात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून तिची नोंद झाली आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तिच्या बनवणाऱ्यांचं एक वचन आहे, 'जिनबा इत्ताई'. घोडा आणि स्वार एकजीव. भाईची गाडी २०१२ सालची, तिसऱ्या पिढीची, दोन लिटर इंजिनाची. वर पत्र्याचं कडक छप्पर, जे बटण दाबलं की बारा सेकंदांत घडी होऊन सीटांच्या मागे जातं. डिकी दीडशे लिटरची. छप्पर उघडं असो वा बंद, डिकी तेवढीच राहते.

हे वाचताना ऐटबाज वाटतं. रोजचं जगणं निराळं होतं.

भाई राहतो शारजात, कारण तिथे भाडं कमी. नोकरी दुबईत, कारण पगार तिथे. अशी हजारो माणसं आहेत, आणि ती सगळी एकाच वेळी एकाच रस्त्यावर असतात. इत्तिहाद रोडवर सकाळी गाड्या मुंगीसारख्या चालतात. सहा गिअरची गाडी, पण रोजचा व्यवहार पहिल्या आणि दुसऱ्या गिअरचा. डावा पाय क्लचवरून निघत नाही. भाईच्या दोन्ही बाजूंना उंच गाड्यांची चाकं, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. छप्पर उघडण्याचा तर प्रश्नच नाही. मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या वर, स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो. छप्पर उघडायचं ते फजरनंतर किंवा मगरिबनंतर. छपराच्या रबरी पट्ट्यांत रेती बसते, ती दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी लागते. स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घ्यावी लागते, नाहीतर खालून खरवडते.

सोयीही होत्या, हेही सांगायला हवं. गाडी चार मीटरच्या आसपास लांब. शारजातल्या गल्लीबोळांत आणि रेतीच्या मोकळ्या प्लॉटवर जिथे मोठ्या गाड्या चकरा मारतात, तिथे ही पटकन शिरते. आतली जागा चिमूटभर, म्हणून एसी दोन मिनिटांत गार करतो. पेट्रोल भाईच्या जुन्या मोठ्या गाडीपेक्षा कमी लागतं. डिकीत वीस किलो तांदळाचं पोतं, कांदे-बटाटे आणि आठवड्याची भाजी बसते. दोन बॅगा मात्र बसत नाहीत. आणि किंमत? भाईने वही काढून दाखवली. पैशांची वही ठेवायची सवय आमच्या घरातली आहे. नवी सात सीटची गाडी घेतली असती तर जेवढे दिरहम गेले असते, त्याच्या निम्म्याहून कमी या गाडीला लागले होते.

"मग इस्राफ कुठला?" त्याने विचारलं.

"इस्राफ पैशाचा नाही," भाभी स्वयंपाकघरातून म्हणाली. "जागेचा आहे."

भाभीचं म्हणणं मला ऐकून घ्यावंच लागलं, कारण ते खरं होतं. या गाडीत कुटुंब बसत नाही. संयुक्त अमिरातीत २०१७ पासूनचा नियम असा की दहा वर्षांखालच्या किंवा एकशे पंचेचाळीस सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही. या गाडीला पुढची सीटच तेवढी आहे. म्हणजे माझा भाचा, नऊ वर्षांचा, बापाच्या गाडीत कधी बसलेलाच नव्हता. त्याच्या घरासमोर रोज ती लाल गाडी उभी राहायची, शाळेतली पोरं तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायची आणि तो पिवळ्या बसने शाळेत जायचा. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. सर्वांत वर एक लाल रेघ, १४५. आम्ही गेलो तेव्हा तो एकशे अडतीसवर होता.

"डॉक्टरकडे जायचं तर टॅक्सी. बाजारात टॅक्सी. ईदला मित्राची व्हॅन," भाभी म्हणाली. "यांची हौस आणि माझी टॅक्सी."

आणि आम्ही जाण्याच्या पंधरा दिवस आधी, १६ एप्रिलला, तिथे पाऊस झाला होता. १९४९ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यांत एवढा पाऊस कधीच झाला नव्हता. शारजातल्या कित्येक वस्त्यांत पाणी दिवसच्या दिवस साचून राहिलं. भाईने इशारा ऐकून गाडी दुबईत कंपनीच्या बहुमजली पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावर ठेवली आणि अर्धी वाट दुसऱ्याच्या गाडीतून, अर्धी गुडघाभर पाण्यातून चालत घरी आला. गाडी वाचली, पण पुढचे दिवस ती कुणाच्याच कामाची नव्हती. शेजाऱ्याची उंच गाडी पाण्यातून माणसं नेत होती. भाई हे कबूल करतो. तो म्हणाला, "पाऊस पडला तेव्हा मला वाटलं, अब्बा बरोबर बोलले होते."

मग मी त्याला विचारलं, तरी विकली का नाहीस? त्यावर तो हसला आणि विषय बदलला.

पहिली पाळी अम्मीची लागली. भाईने सुताराकडून एक छोटा पाट करून आणला. गाडीचं दार उघडून त्याच्याजवळ तो पाट ठेवायचा, अम्मीने पाटावर पाय ठेवून आधी सीटवर टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. अम्मी म्हणाली, "हे तर जेवायला पाटावर बसल्यासारखं आहे. एवढं खाली बसायची सवय आहे मला, उठायची नाही." बुरख्याचा काठ दारात अडकला, दार पुन्हा उघडावं लागलं. सगळी इमारत खिडक्यांतून बघत होती. इशानंतर दोघं निघाले आणि दीड तासाने परत आले. समुद्रकिनाऱ्याने एक फेरी, एका ठिकाणी करक चहा, बस्स. घरी आल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. त्याने मला विचारलं, अम्मी, तुला लहानपणी काय आवडायचं? पोरं आईला असं विचारतात होय गं?"

अब्बा तयार होईनात. आठवडा गेला. एक दिवस असरनंतर मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली बघितलं तर अब्बा एकटेच गाडीभोवती फिरत होते. चौतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. ड्युटीवर निघण्यापूर्वी जसा चक्कर मारायचा, तशीच चक्कर. एकेका टायरला पायाने ठोकून पाहिलं. वाकून खाली बघितलं. भाई कामावरून येऊन जिन्याशी उभा होता, पण पुढे येत नव्हता. मग तो हळूच गेला आणि बॉनेट उघडलं. अब्बा आत वाकले. त्यांचं बोलणं मला वर ऐकू येत होतं.

"इंजिन पुढे. ताकद कुठल्या चाकाला?"

"मागच्या, अब्बा."

"मागच्या?" अब्बा सरळ उभे राहिले. "म्हणजे आपल्या एसटीसारखी."

"हो. एसटीसारखीच."

अब्बांनी डिकी उघडायला लावली. आत बघितलं, चटई उचलली. "स्टेपनी?"

"स्टेपनी नसते. हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं औषध असतं."

"स्टेपनी नाही?" हे मात्र तिसऱ्या मजल्यावर काय, समोरच्या इमारतीतही ऐकू गेलं असेल. "आणि ही गाडी घेऊन तू वाळवंटात जातोस?"

तीन वर्षांत अब्बा भाईशी एका दमात एवढं बोलले नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी दोघं फजरची नमाज पढून निघाले. ती सफर मी पाहिली नाही. गाडीत तिसरी जागाच नव्हती. पण रस्ता कुठला ते माहीत आहे. शारजाहून खोरफक्कानला जाणारा, २०१९ साली उघडलेला. तो हजरच्या डोंगरांतून जातो आणि वाटेत पाच बोगदे लागतात. रेतीचा सपाट मुलूख संपतो, मग काळेतपकिरी डोंगर सुरू होतात, ज्यांच्यावर गवताची काडी नाही, आणि शेवटच्या उतारावर एकदम निळं पाणी दिसतं. ते ओमानचं आखात. तिथून पुढे जात राहिलं की आपलाच अरबी समुद्र.

अब्बांनी उमेदीची बरीच वर्षं रात्रीच्या मुंबईच्या गाडीवर काढली होती. काशेडीचा घाट त्यांनी पावसात, धुक्यात, दरड पडलेली असताना किती वेळा चढला-उतरला याची गणती नाही. आता तिथे बोगदा झाला आहे. पण घाट त्यांच्या हातांत अजून आहे. घरी खुर्चीत बसले असताना टीव्हीवर वळणाचा रस्ता दिसला तर त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो.

ते अकराच्या सुमाराला परत आले. अब्बांचं नाक उन्हाने लाल झालं होतं, दाढीत रेती होती. म्हणजे छप्पर उघडलं होतं. त्यांनी पाणी मागितलं, बैठक मारली आणि मला म्हणाले, "वळणावर तुझा भाऊ गिअर वेळेवर खाली घेतो." एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडून यापेक्षा मोठी तारीफ मी ऐकलेली नाही. जास्त काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून भाई कामावरून आला की अब्बा दार उघडायला स्वतः जायला लागले.

माझी पाळी परतीच्या चार दिवस आधी आली. मगरिब झाली होती. भाईने बटण दाबलं आणि छप्पर उचललं जाऊन मागे गेलं. मी मनात आकडे मोजले. बारा. मला ओढणी दोनदा गुंडाळून पिनेने घट्ट करावी लागली. रस्त्याच्या इतक्या जवळ बसलं की साठचा वेगही शंभरासारखा वाटतो. बाजूच्या बसच्या खिडकीतून दमलेले मजूर आमच्याकडे खाली बघत होते. भाईने त्यांच्यातल्या एकाला हात केला, त्यानेही केला.

"मी अशीच बस चालवायचो," भाई म्हणाला. "मग शाळेची. अकरा वर्षं. शाळेच्या बसचा ड्रायव्हर रस्ता कमी बघतो आणि आरसा जास्त. मागे पोरं किती, कोण उठलं, कोण झोपलं. शेवटच्या थांब्यानंतर बसमधून चालत जाऊन प्रत्येक सीटखाली बघायचं. एखादं लेकरू झोपून राहिलं आणि बस उन्हात उभी राहिली तर? मला अजून तसली स्वप्नं पडतात. या गाडीच्या आरशात कुणी नसतं."

थोडा वेळ दोघं गप्प होतो. मग तोच म्हणाला, "माझी जुनी गाडी होती ना, तेव्हा गावचा कुणीही आला की विमानतळावर मी. कुणाचा फ्रिज हलवायचा, मी. कुणाच्या बायकोला दवाखान्यात न्यायचं, मी. मी कधी नाही म्हटलं नाही, म्हणताच येत नाही. ही गाडी माझ्या वतीने नाही म्हणते."

मी विचारलं, "अब्बा त्या दिवशी काय बोलले?"

त्याने गाडी कडेला घेतली. समोर खाडीचं पाणी होतं आणि पलीकडे दिवे. "बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा अब्बांनी विचारलं, तुला इथे किती वर्षं झाली? म्हटलं, तेवीस. मग ते बोटांवर मोजायला लागले. मी दोन वर्षांनी एकदा येतो, एक महिना. तेवीस वर्षांत अकरा वेळा आलो. अकरा महिने. अब्बा म्हणाले, तेवीस वर्षांत आपण एक वर्षसुद्धा एकत्र राहिलो नाही. आणि त्या अकरा महिन्यांतही घरात कायम माणसं. बैठकीत पाहुणे, दारात पाहुणे. आपण दोघंच असे कधी बसलो?"

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, आज बसलो की."

मला तीन वर्षांपूर्वीचा माझा निरोप आठवला. आम्ही कुठे बसायचं? मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "त्यात काय, तू बरोबरच विचारलं होतंस. भाभीही बरोबर आहे. गाडी गैरसोयीची आहेच." एवढं बोलून त्याने गाडी सुरू केली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुलांना अनेक अर्थांचे शब्द शिकवताना 'सवारी' हा शब्द दरवर्षी येतो. उर्दूत सवारी म्हणजे वाहन. घोडा, टांगा, मोटार, काहीही. आणि सवारी म्हणजे त्या वाहनात बसलेला माणूसही. टांगेवाला म्हणतो, सवारी मिळाली. जो वाहून नेतो तोही सवारी आणि ज्याला वाहून नेलं जातं तोही सवारी. आपल्या मराठीतही घरचा कर्ता माणूस बाहेर निघाला की 'स्वारी निघाली' म्हणतात. मुलं दरवर्षी हसतात, एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ कसे? मी आजवर व्याकरणाने उत्तर देत होते. त्या रात्री मला वाटलं, आमच्या घरात तेवीस वर्षं भाई पहिल्या अर्थाने सवारी होता. आम्ही सगळे त्याच्यावर बसून इथवर आलो. लग्न, शिक्षण, स्लॅबचं घर. किती माणसं मावतील एवढंच आम्ही पाहत होतो. तोही कुठेतरी बसून जाऊ शकतो, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

म्हणून दोन सीटची गाडी घेणं बरोबर होतं का? मी तसं म्हणत नाही. माझ्या भाच्याला चौकटीपाशी रोज टाचा वर करून उभं राहावं लागत होतं आणि ते बघणं सोपं नव्हतं. भाभीच्या टॅक्सीच्या पावत्यांचाही हिशेब त्याच वहीत लिहायला हवा, असं मी भाईला निघताना सांगितलं. त्याने मान्य केलं. त्याच वर्षाच्या शेवटी भाभीने ड्रायव्हिंग शिकायला घेतलं, तिसऱ्या परीक्षेत पास झाली आणि एक जुनी चार दारांची लहान गाडी घेतली. पैसे भाईने दिले. आता ईदला सगळे त्या गाडीतून जातात आणि चालवते भाभी. भाई मागे मुलांच्या मध्ये बसतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एक फोटो आला. स्वयंपाकघराची चौकट, लाल रेघ आणि त्या रेघेला टेकलेलं भाच्याचं डोकं. टाचा जमिनीवर आहेत हे दिसावं म्हणून फोटो पायांपासून काढला होता. दहा वर्षं त्याला आधीच पूर्ण झाली होती. खाली त्याने स्वतः लिहिलं होतं, "फुफी, आज माझी पाळी."

अब्बांनी तो फोटो चष्मा लावून पाहिला आणि मोबाइल बराच वेळ हातात धरून ठेवला. आता भाईचा फोन त्यांच्याकडून अम्मीला लवकर मिळत नाही. अम्मी तक्रार करते.

अब्बांना पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत आहे. महिन्यातून एकदा ते तालुक्याला पेन्शनच्या कामाला जातात. मीही कधी सुट्टी असेल तर बरोबर असते. ते नेहमी ड्रायव्हरच्या मागची सीट धरतात. परवा गाडीचा ड्रायव्हर तरुण होता, नवा. घाटात त्याने गिअर जरा उशिरा घेतला आणि इंजिन कण्हलं. अब्बा पुढे वाकले. मला वाटलं, आता हे त्याला बोलणार. पण ते त्याच्या कानाजवळ जाऊन म्हणाले, "माझ्या पोराची शारजाला गाडी आहे. तिचीही ताकद मागच्याच चाकाला आहे."

ड्रायव्हरने आरशातून अब्बांकडे बघितलं आणि विचारलं, "किती सीटची आहे, चाचा?"

"दोन," अब्बा म्हणाले. "एक त्याची. आणि एक ज्याची पाळी असेल त्याची."